उजवा पाय आधी

मला अमेरिकन फुटबॉल आजही नीट कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. वीसेक वर्षं एका कॉलेजच्या टीमसोबत काढली, ती टीम राष्ट्रीय विजेती झाली त्या सीझनला मी तिच्यासोबत होते, तरीही नाही. आमच्या मंडळाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या अंकासाठी लिहा, म्हणून संपादकांनी कधीपासून माझा पिच्छा पुरवलाय. दरवर्षी मी 'बघते' म्हणायचे आणि टाळायचे. यंदा मात्र गेल्या महिन्यात एक गोष्ट अशी घडली, की गप्प बसवेना. आणि लिहायला बसले तर बसवेना. दर दोन वाक्यांनी उठून किचनमध्ये एक फेरी मारून येतेय. माझा नवरा मिलिंद म्हणतो, "वंदना, तू लिहून राहिली का वॉक करून राहिली?" दोन्ही, बाबा, दोन्ही.

माझं काम नेमकं काय, हे इथे, मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आपल्या लोकांना मी इतक्या वर्षांत समजावू शकले नाही. 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' म्हटलं की लोकांना वाटतं, मी पोरांकडून जोर-बैठका काढून घेते. "म्हणजे जिम का?" एक काका दर पिकनिकला विचारतात. जिम नाही हो काका. मी नागपूरला फिजिओथेरपी शिकले, मिलिंदच्या कार कंपनीतल्या नोकरीपायी मिशिगनला आले, इथे पुन्हा कॉलेज केलं, पुन्हा परीक्षा दिल्या. खेळाडूला लागू नये म्हणून आधी काय करायचं, लागलं की मैदानात धावत जाऊन काय करायचं, आणि मग तो धड चालेपर्यंत रोज काय करायचं, हे सगळं आमचं काम. डॉक्टर वेगळे असतात. त्यांचा शब्द शेवटचा, पण ते पोरांना कधीमधी बघतात, आम्ही रोज. मंडळाच्या कार्यक्रमात मात्र सगळ्यांना माझं काम अगदी बरोबर कळतं. मी हातात प्लेट घेते न घेते तोच कुणीतरी पँट वर करून गुडघा पुढे करतं. "ताई, जरा बघता का, जिना उतरताना कळ मारते."

फुटबॉलचं म्हणाल तर, एक जण बॉल घेऊन पळतो, समोरचे त्याला पाडतात, पाडलं की सगळे थांबतात आणि पुन्हा तेच. असं करत करत बॉल पलीकडच्या रेषेपार नेला की टचडाउन. एवढं कळलं तरी पुरे. बाकीचं कोचच्या डोक्यात असतं. आम्ही बॉल बघायचाच नसतो. बॉल पुढे गेल्यावर मागे कोण उठला नाही, कोण उठला पण हात धरून उठला, कोण लंगडतोय आणि लंगडत नसल्याचं सोंग करतोय, ते बघायचं. सोंगं तर इतकी, की एखादं नाटक मंडळ काढता आलं असतं. पोटदुखीची सोंगं करणारी मुलं मी नागपुरात पाहिली होती. बरं असल्याचं सोंग करणारी पहिल्यांदा इथे पाहिली.

आमचा दिवस सुरू व्हायचा टेपिंगने. मोठी खोली, ओळीने उंच टेबलं, टेबलावर पोरगा पाय पसरून बसतो आणि आम्ही त्याच्या घोट्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळतो. टाचेभोवती एक वेढा, तळव्याखालून एक, मग वर. पाय मुरगळू नये म्हणून हा घाट. सराव असो की मॅच, टेप केल्याशिवाय कुणी मैदानात उतरायचं नाही. हात बसला की एक घोटा बोलता बोलता होतो. आणि पोरं बोलतात, बाई! टेबलावर चढलेला पोरगा काय वाट्टेल ते बोलतो. एक होता, दारातून वाकून यावं लागेल एवढा धिप्पाड, त्याला बर्फाच्या टबाची भीती. टबात उतरताना माझा हात धरायचा आणि डोळे मिटून आईची पाककृती म्हणायचा, मॅकरोनी आणि चीजची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती मला अजून पाठ आहे.

आणि अंधश्रद्धा! मी दीक्षाभूमीच्या परिसरात वाढलेली. आमच्या घरात मुहूर्त नाही, नजर नाही, मांजर आडवं गेलं तर वडील मांजराला वाट करून देऊन पुढे जायचे. आणि इथे माझ्या टेबलावर अमेरिकेतली शिकलेली पोरं. कुणाला मॅचच्या दिवशी टेपचा नवा रोलच लागायचा, कुणी मॅच जिंकल्यावर मोजे धुवायचा नाही. मोज्यांवरून मी भांडले आहे. बाकीच्या गोष्टींवरून सुरुवातीला हसले, मग गप्प राहायला शिकले. ज्याला ज्या गोष्टीने धीर येतो त्याला ती करू द्यावी. टेप कुठल्या रोलचा, याने घोट्याला काही फरक पडत नाही.

केलेबचा डावा पाय आधी असायचा.

केलेब म्हणजे आमचा रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारा. मिशिगनच्या अगदी उत्तर टोकाकडच्या एका लहानशा गावचा. बाप नव्हता, आई शाळेची बस चालवायची. अंगाने फार मोठा नाही, पण पळायला लागला की समोरच्याला वाटायचं हा इकडे जातोय, तोवर हा तिकडे गेलेला. चारही वर्षं रोज माझ्याच टेबलावर बसला. टेबलावर उडी मारायची, डावा पाय पुढे करायचा, "गुड मॉर्निंग, मिस व्ही." मिस व्ही म्हणजे मी. वंदना त्यांना जमायचं नाही. एकदा घाईत मी त्याचा उजवा पाय ओढला, तर पोराने पाय असा मागे घेतला की जणू मी इस्त्री टेकवली. "मिस व्ही, प्लीज. डावा." मी म्हटलं, "का रे, उजव्याला काय राग येतो?" तर गंभीरपणे म्हणतो, "डाव्याला येतो." पहिल्या वर्षी सरावात डावा घोटा मोडला होता, तेव्हापासून हे. डाव्याचा मान आधी.

ज्या सीझनबद्दल मी सांगतेय, तो त्याचा शेवटचा होता. पहिलीच मॅच आम्ही सडकून हरलो. पेपरांनी कोचला धुऊन काढलं. कोच हार्लन म्हणजे रागीट माणूस, पण राग पोरांवर नाही काढायचा, खुर्च्यांवर काढायचा. त्यानंतर काय झालं कोण जाणे, आम्ही जिंकतच सुटलो. हिमवर्षावात जिंकलो, चिखलात जिंकलो, हरलेली मॅच शेवटच्या मिनिटाला जिंकलो. गावातल्या दुकानांच्या काचांवर केलेबचा नंबर रंगवलेला. इकडे नोव्हायमध्ये ज्या लोकांनी इतकी वर्षं क्रिकेटशिवाय काही पाहिलं नव्हतं, ते मला फोन करू लागले. "वंदनाताई, दोन तिकिटं जमतील का?" तेच जिमवाले काका टीमचं जॅकेट घालून पिकनिकला आले.

मला मात्र जिंकण्याने चैन पडत नव्हती. टीम जिंकायला लागली की लागलेलं लपवणं वाढतं. हरणाऱ्या टीममधला पोरगा सांगतो, खांदा दुखतोय. जिंकणाऱ्या टीममधला हसत हसत सांगतो, काही नाही. मी त्या महिन्यांत घरी जेवतानाही पाय हलवत बसायचे. आमची मैत्रेयी तेव्हा शाळेत होती. ती म्हणायची, "आई, यू आर डुइंग इट अगेन. द टेबल इज शेकिंग."

फायनल जानेवारीत, दक्षिणेतल्या एका शहरात, छप्पर असलेल्या प्रचंड स्टेडियममध्ये. केलेबची आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आली होती. हॉटेलच्या लॉबीत त्याने आमची ओळख करून दिली. बाई माझा हात सोडेचना. "हा फोनवर तुमच्याबद्दल बोलतो. पाय सांभाळता त्याचे," म्हणाली. मी म्हटलं, "पाय तोच सांभाळतो. मी पट्टी लावते." आणि मग तिने हळूच सांगितलं, "उद्याची शेवटची. यानंतर खेळायचं नाही म्हणतोय, शिक्षक होणार. म्हणून आले."

हे इथल्या लोकांना माहीत असतं, आपल्याला नसतं, म्हणून सांगते. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांपैकी पुढे पैसे घेऊन खेळणारे फार थोडे. बाकीच्यांचा खेळ एका दिवशी संपतो. क्रिकेटसारखं नाही, की रविवारी मैदानावर गेलो आणि चार मित्र जमवले. हा खेळ घरी खेळता येत नाही. शेवटची मॅच म्हणजे खरंच शेवटची.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये केलेबने टचडाउन केलं. बॉल घेतला, डावीकडे गेला, थांबल्यासारखं केलं, आणि उजवीकडून सुटला. रेषेवर दोघांनी त्याला एकदमच धडक दिली, तो रेषेपार जाऊन पडला, वर चार जण पडले. स्टेडियम असं ओरडलं की माझ्या छातीत धडधडलं. ढीग उठला. केलेब उठला. पोरांनी त्याला उचलून घेतलं, पाठीवर थापांचा पाऊस. तो धावत बेंचपाशी आला, पाणी प्यायला, बोलला. मी बघत होते. सगळं ठीक होतं.

मध्यंतराला सगळे आत आले. ज्यांचा टेप सैल झालाय ते टेबलावर. केलेब आला, टेबलावर उडी मारली आणि उजवा पाय पुढे केला.

माझे हात थांबले. आधी वाटलं, मीच चुकतेय, मी टेबलाच्या उलट्या बाजूला उभी आहे की काय. नाही. मी म्हटलं, "केलेब, हा पाय?"

"हो. पटकन करा ना, मिस व्ही."

"हाच आधी?"

"कुठला का असेना," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच. चेहरा नेहमीचाच.

चार वर्षांत जो पोरगा कधी म्हणाला नाही 'कुठला का असेना', तो आज, या मॅचला म्हणतोय. मी टेप खाली ठेवला, शेजारी पडलेलं त्याचं हेल्मेट उचललं आणि टेबलाखाली सरकवलं. हे आमच्यात सगळेच करतात. डोक्याला मार लागल्याची शंका आली की पहिलं काम, हेल्मेट ताब्यात घ्यायचं. हेल्मेटशिवाय मैदानात जाता येत नाही. नाहीतर तुम्ही डॉक्टरशी बोलेपर्यंत पोरगा आत जाऊन दोन वेळा आपटून आलेला असतो. माझ्या एका मैत्रिणीने एकदा हेल्मेट कचऱ्याच्या डब्यात लपवलं होतं.

केलेबने ते पाहिलं आणि त्याला कळलं. "नाही," तो म्हणाला. "नो, नो, नो. मिस व्ही, मी ठीक आहे."

डॉक्टर ओवेन आमचे टीम डॉक्टर. शांत माणूस. त्यांनी सगळी तपासणी केली. आज कुठे आहेस, कुठली मॅच, कोण पुढे आहे. शब्द सांगितले, पुन्हा म्हणायला लावले, महिने उलटे म्हणायला लावले. शेवटचा स्कोअर कुणी केला? "मी!" केलेब म्हणाला, जवळजवळ ओरडलाच. एका पायावर डोळे मिटून उभा केला. जरासा डुलला, पण तो मोडलेला घोटा, तो नेहमीच डुलायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"क्लियर आहे, वंदना. माझ्याकडे अडवायला काही नाही. तू काय म्हणतेस?"

"मी नाही म्हणते."

"कशावरून?"

मला सांगायचीही लाज वाटली. "उजवा पाय आधी केला त्याने."

डॉक्टर काही हसले नाहीत. म्हणाले, "तू त्याला रोज बघतेस. मी नाही." आणि कोचला सांगायला गेले.

नियमाप्रमाणे कोचला यात बोलायचा अधिकार नाही. नियम भिंतीवर लावलेला असतो, आणि कोच समोर उभा असतो. हार्लन माझ्यासमोर आला. खुर्ची वगैरे काही उचलली नाही. अगदी हळू आवाजात बोलला, तेच जास्त वाईट होतं.

"टेस्ट पास झालाय तो."

"हो."

"चक्कर नाही, उलटी नाही."

"नाही."

"आणि तू माझा सगळ्यात चांगला पोरगा बसवतेस, कारण त्याने चुकीचा पाय पुढे केला?"

"चुकीचा नाही," मी म्हटलं. "त्याच्यासाठी चुकीचा."

विचार करा, शकुन-अपशकुन न मानणाऱ्या घरातली मी, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या मॅचला एका पोराला बसवतेय एका शकुनावरून. नंतर मिलिंदने किती चिडवलं असेल मला. "बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आपण, आणि तू डावा-उजवा बघून राहिली!" मी म्हणायचे, शकुन मी नाही रे मानत, तो मानतो. मानणाऱ्याने एक दिवस विसरावं, यालाच तर मी घाबरले. पण तिथे, त्या खोलीत, हे सगळं असं नीट सुचत नाही. तिथे फक्त 'नाही' म्हणता येतं.

दुसऱ्या हाफला मी बेंचच्या टोकाला हेल्मेटवर बसले. खरोखर वर बसले, कारण हातातलं हिसकावून घेतात. केलेब शेजारी. आधी त्याने रागाने बोलून पाहिलं, मग गोड बोलून. मग म्हणाला, "माझी आई वर बसलीय. ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, मला टॉवेल घेऊन बसलेला बघायला?"

मी हेल्मेटवर आणखी घट्ट बसले.

"मिस व्ही, उद्यापासून मी कुणीच नाही. आज आहे. एक हाफ द्या मला. फक्त एक."

"नाही."

"तुम्हाला खात्री आहे का, मला लागलंय म्हणून?"

"नाही."

"मग?"

"नाही, केलेब."

त्याने टॉवेल डोक्यावर घेतला आणि आत रडला. मैदानात त्याच्या जागी गेलेला पोरगा पहिल्याच धावेला बॉल हातातून सोडून बसला. समोरच्यांनी तो उचलला आणि टचडाउन केलं. मग आणखी एक. आमच्या मागच्या प्रेक्षकांनी केलेबच्या नावाचा गजर सुरू केला. हजारो माणसं एका सुरात त्याचं नाव घेतायत आणि मी त्याच्या हेल्मेटवर बसलेली. उठून पळून जावंसं वाटत होतं. पाय एकसारखे हलत होते. कोच माझ्याकडे बघतही नव्हता. आपण हरलो तर माझी नोकरी गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि खरं सांगते, नोकरीचं तेव्हा काही वाटत नव्हतं. या पोराला खरंच काही झालेलं नसेल तर? त्याला फक्त घाई असेल तर? डावा दुखत असेल म्हणून उजवा पुढे केला असेल तर?

जिंकलो. कसे जिंकलो ते मला विचारू नका. शेवटी आमच्या किकरने बॉल दोन खांबांच्या मधून मारला, एवढं ऐकलं. वरून रंगीत कागद पडायला लागले, सगळे मैदानात धावले, डॉक्टर ओवेननी मला मिठी मारली. केलेबही धावला, हेल्मेटशिवाय. फोटोत तो आहे, एका कडेला. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे, त्याचं खाली.

बाहेर पडताना बोगद्यासारख्या वाटेत त्याची आई भेटली. मी थांबले. तिने विचारलं, "त्याला लागलं होतं का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"माहीत नाही?" ती म्हणाली. "माहीत नाही, आणि तरी?"

रागाने नाही म्हणाली. तिला खरंच समजत नव्हतं. मी काहीतरी नियमाचं बोलले. तिने मान हलवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी त्याची पुन्हा तपासणी झाली. सगळं ठीक. डोकं दुखत नाही, झोप लागली, उजेडाचा त्रास नाही. "डावा दुखत होता म्हणून उजवा आधी दिला," त्याने डॉक्टरांना सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. पदवी घेतली तेव्हाही मी हात केला, तो दुसरीकडे वळला.

वसंतात सगळ्या स्टाफला विजेतेपदाची अंगठी मिळाली. भलीमोठी, लिंबाएवढा खडा. मैत्रेयी एकदा शाळेत दाखवायला घेऊन गेली, मी कधी घातली नाही. हार्लन पुढे मला कधी वेडंवाकडं बोलला नाही, जिंकल्यावर कोण बोलतं? लोक म्हणायचे, वंदना, तू धाडस केलंस. मला त्याचा संताप यायचा. धाडस कसलं! खात्री असती तर धाडस. मी तर एका पोराचा शेवटचा अर्धा तास काढून घेतला होता, आणि कशासाठी, ते मला माहीत नव्हतं. त्यानंतरही मी कितीतरी पोरांना बसवलं. प्रत्येक वेळी आधी केलेब आठवायचा, मग मी बसवायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले तरी हे गेलं नाही. भाजी चिरताना मध्येच सुरी थांबायची. मिलिंद विचारायचा, "काय झालं?" काही नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजने त्या जुन्या टीमला बोलावलं. मॅचच्या मध्यंतराला मैदानात नेऊन सन्मान करायचा होता. मलाही बोलावणं आलं. मी जाणार नव्हते. मैत्रेयी आता शिकागोला नोकरी करते, तिने फोनवर फर्मावलं, "आई, जस्ट गो. प्लीज." गेले.

पोरांची पोटं सुटलेली, केस गेलेले. बर्फाच्या टबाला घाबरणारा तो धिप्पाड पोरगा मला उचलूनच भेटला. सन्मान झाला, टाळ्या झाल्या. मी हळूच गाडीकडे निघाले तेव्हा मागून हाक आली. "मिस व्ही."

केलेब. दाढी ठेवलेली. शाळेत इतिहास शिकवतो म्हणाला. लग्न झालंय, एक मुलगी आहे. आई मजेत आहे, बस अजून चालवते. मला वाटलं, आता हा विचारणार, तेव्हा का बसवलंत मला?

"माझी मुलगी सारखं विचारते," तो म्हणाला. "डॅड, ते टचडाउन केलं तेव्हा कसं वाटलं? मी सांगतो तिला. व्हिडिओत बघितलेलं सांगतो."

मी हातातली गाडीची किल्ली परत पर्समध्ये टाकली.

"मला ते आठवत नाही, मिस व्ही. कधीच आठवलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचा स्कोअर कुणाचा, तर मी म्हटलं माझा, कारण पोरं माझी पाठ बडवत ओरडत होती. त्या दिवसाचं मला पहिलं आठवतं ते काय, माहितीये? तुम्ही हेल्मेटवर बसल्यात आणि मला नाही म्हणताय. त्याच्या आधीचं काही नाही. सकाळ नाही, बस नाही, काही नाही. कुणाला बोललो नाही. आईलाही नाही. आधी राग होता म्हणून, आणि नंतर बोलायची वेळ निघून गेली."

मला तिथेच रडू आलं, पार्किंगमध्ये, लोक जात-येत होते. इतकी वर्षं मला एकच पाहिजे होतं, की कुणीतरी म्हणावं, बाई, तू बरोबर होतीस. ते मिळालं, आणि मला ते नकोसं झालं. मी चुकले असते तर त्याची ती धाव तरी त्याच्याजवळ राहिली असती.

"व्हिडिओ मला पाठ आहे," तो म्हणाला. "पण त्यात मी लांबून दिसतो. तुम्ही तिथे होतात. सांगा ना."

मग मी सांगितलं. बॉल कुठे होता ते मला माहीत नव्हतं, पण पाय माहीत होते. डाव्या पायावर जोर देऊन निघालास, म्हटलं. मग दोन्ही पाय एका जागी थांबवलेस, समोरचा फसला. उजवीकडे वळलास. वळताना तो डावा घोटा मी श्वास रोखून बघत होते, तो टिकला. मग लांब ढांगा, रेषेपर्यंत. त्याने डोळे मिटले होते. पार्किंगच्या त्या डांबरावर त्याच्या टाचा जराजरा हलत होत्या.

"आणि उठल्यावर?" त्याने डोळे न उघडता विचारलं. "मी खूश होतो का?"

जे दिसलं नाही ते दिसलं म्हणून सांगायचं नाही, हे मी हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला बजावत आलेय. उठला तेव्हाचा त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. वर हेल्मेट होतं, आणि माझी नजर पायांवर.

"खूप," मी म्हटलं. "खूप खूश होतास."